पोकरलेली गिटार

तुम्ही लिहिलेल्या एखाद्या खऱ्या वाक्यामुळे दुसऱ्याच कुणाची नोकरी गेली आहे का? गेली असेल, तर ‘ते मी लिहिलं होतं’ असं तुम्ही त्याला तोंडावर सांगितलंत का?

मी नाही सांगितलं. तीन वर्षं हातात होती. आठवड्यातून दोनदा तरी काका माझ्यासमोर बसायचा, गिटारच्या मानेमागे भलतीकडे गेलेला माझा अंगठा धरून जागेवर ठेवायचा, आणि मी गप्प राहायचे. आता काका नाही. गिटार माझ्याकडे आहे. ती मांडीवर घेतली की पहिला सूर लागायच्या आधी मला त्याचा आवाज येतो: ‘दाबतेस.’ भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरातून अंधश्रद्धेविरुद्ध निदान चार पत्रकं निघाली आहेत आणि त्यातलं एक मीच लिहिलंय. पण आवाज येतो.

ही गिटार इतरांसारखी नाही. गिटारच्या मानेवर लाकडाची सपाट पट्टी असते, तिला फ्रेटबोर्ड म्हणतात. तिच्यावर ठरावीक अंतरानं धातूच्या आडव्या कांड्या ठोकलेल्या असतात, त्या फ्रेट. आपण तार दाबली की ती फ्रेटवर टेकते आणि बोट खालच्या लाकडावर जाऊन थांबतं. काकाच्या गिटारवर बोट थांबत नाही. दर दोन फ्रेटमधलं लाकूड त्यानं कानशीनं वाटीसारखं पोकरून काढलंय. गिटारवाले याला स्कॅलप म्हणतात. तार फ्रेटवर टेकलेली असते आणि बोटाखाली नुसती हवा. पहिल्यांदा बोट ठेवलं तेव्हा, पाण्यात उतरताना तळ लागेल म्हणून पाय सोडावा आणि तो लागूच नये, तसं झालं होतं.

हलक्या हाताच्या माणसाला या गिटारसारखं सुख नाही. बोट लाकडाला घासत नाही, त्यामुळे तार बाजूला खेचून सूर ताणता येतो, थरथरवता येतो, सतारीच्या मींडेच्या जवळपास नेता येतो. जड हाताच्या माणसाचं मात्र इथं काही चालत नाही. जास्त दाबलं की तार खोलगट जागेत खाली जाते, ताणली जाते आणि सूर चढतो. गिटार नीट लावलेली असते, बोटही योग्य जागी असतं, आणि तरी सूर खोटा निघतो. साध्या गिटारवर खालचं लाकूड तुमचा जोर अडवतं. इथं तुम्हाला अडवायला काही नाही.

माझा हात जड आहे. तो कसा झाला हे सांगायला घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. पुढच्या पिढ्यांत कुणी कारकून झालं, कुणी वायरमन. माझे बाबा शाळामास्तर, आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे काका, गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत एका युनिटच्या टूलरूममध्ये फिटर. लग्न त्यानं केलं नाही, आमच्याच घरात गच्चीलगतच्या खोलीत राहायचा. बाबा शाळा सुटल्यावर कामगारांच्या हक्कांसाठी एक छोटं मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे सहा-सात माणसं, एक सतरंजी आणि पत्रकं. फिकट गुलाबी कागदावरची पत्रकं. मला अक्षरं त्यांच्यावरून कळली. आमच्या कपाटांत पत्रकं अंथरलेली असायची, आई वाण्याची यादी पत्रकाच्या पाठीवर करायची, डगमगत्या टेबलाच्या पायाखाली पत्रकाची घडी असायची. बडोद्यात पत्रक गुजरातीतच काढावं लागतं. आम्ही घरात मराठीत भांडायचो आणि मग त्या भांडणाचं गुजराती करायचो.

बाबांचा एक नियम होता. “विशेषण काढ, आकडा घाल. ‘भयंकर धोका’ लिहिलंस तर मालक हसतो. आकडा लिहिलास तर तो माप काढायला पळतो.”

काका या सगळ्याला हसायचा. मी पत्रक लिहायला बसले की जिन्यातून ओरडायचा, “काय संपादकबाई, आज कुणाचं सरकार पाडताय?” त्याला पत्रकांत रस नव्हता. त्याला गिटारमध्ये रस होता. करजणच्या एका लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यानं ती जुनी घेतली होती, काळी, कोपऱ्यावर रंग उडालेली. आणि त्याला मापांत रस होता. त्याचा स्वतःचा व्हर्नियर होता, निळ्या मखमलीच्या डबीत ठेवलेला. युनिटमध्ये बाकीचे पोलादी पट्टीनं मोजायचे, काका मिलीमीटरच्या दहाव्या भागात बोलायचा. आईनं लाटलेली पोळी हातात घेऊन तो म्हणायचा, “वहिनी, आज दोन पॉइंट एक. काल एक पॉइंट आठ होती, ती बरी.” आई म्हणायची, “उद्या तुम्हीच लाटा, म्हणजे झालं बरोबर.”

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाच्या एका रविवारी आम्ही सेव-उसळ खात होतो. काका सहज म्हणाला की प्रेस मशीनचा गार्ड झिजून वर सरकलाय. गार्ड म्हणजे मशीनच्या तोंडावरची जाळी. ती खालपर्यंत आली तर हात आत जात नाही. त्यानं जेवणाच्या सुट्टीत फट मोजली होती, सुपरवायझरला सांगितलंही होतं. सुपरवायझर म्हणाला होता, पुढच्या महिन्यात बघू. काकानं फटीचा आकडा सांगितला, “बोटाचं टोक शिरतं” म्हणाला आणि लिंबू मागितलं.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. कुणाचं नाव घातलं नाही, तेवढी अक्कल होती मला. पण बाबांचा नियम पाळला. मी लिहिलं की या युनिटमधल्या प्रेस मशीनच्या गार्डखाली सात पॉइंट चार मिलीमीटरची फट आहे आणि तिच्यात माणसाच्या बोटाचं टोक शिरतं. मला त्या आकड्याचा अभिमान वाटला. वाचायला किती पक्का वाटत होता! बाबांनी छापण्याआधी वाचलं आणि एवढंच विचारलं, “आकडा खरा आहे?” मी म्हटलं, “खरा आहे.” कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. मंडळाच्या माणसांना युनिटमधून बातम्या कळतच असत. काका तेव्हा गच्चीत गिटारच्या तारा बदलत होता. चौदा पायऱ्या चढून त्याला पत्रक दाखवावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी सकाळच्या पाळीला गेटबाहेर ते वाटलं. गुरुवारपर्यंत गार्ड खाली बसवला गेला. पत्रकानं काम केलं होतं, हे मी आजही तेवढ्याच जोरानं सांगेन. शनिवारी काकाला ऑफिसात बोलावलं.

तिथं काय झालं ते बाबांनी युनिटमधल्या एका माणसाकडून ऐकलं. मॅनेजरनं गुलाबी कागद पुढे ठेवला आणि विचारलं, “सात पॉइंट चार. या फॅक्टरीत पॉइंटमध्ये कोण बोलतं?” काकानं कागद वाचला. म्हणाला, “हा आकडा माझा नाही, साहेब.” मॅनेजरनं पुन्हा विचारलं. काका पुन्हा तेच म्हणाला. खोटं बोलणाऱ्या माणसाला ठेवता येत नाही, असं सांगून त्यांनी त्याच्याकडून राजीनाम्यावर सही घेतली. तो व्हर्नियरची डबी घेऊन दुपारी तीनला घरी आला आणि आईला म्हणाला, “वहिनी, चहा. थोडा जास्त कर, आता घाई नाही.”

बाबा म्हणाले, आपण लढू. काका म्हणाला, “दादा, नको. तिथं दोन पोरं माझ्या हाताखाली शिकलीत. लढ्यात आधी ती जातील.”

आणि मी काय केलं? त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, काकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “फट खरी होती. मग ताठ मानेनं हो, मी मोजली, म्हणायला काय झालं? माणसानं खोटं तरी बोलू नये.” काका वरणात भात कालवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले. आकडा कुठून आला हे त्या क्षणी त्यांना कळलं असावं. आम्ही तिघं ताटातलं संपवून उठलो.

पुढचे दोन महिने काका घरी होता, आणि तेव्हा त्यानं गिटार पोकरली.

गच्चीत, सकाळच्या उन्हात. आधी त्यानं सगळ्या फ्रेटवर टेप चिकटवली, कानस लागू नये म्हणून. मग अर्धगोल कानस घेतली आणि अगदी वरच्या, अरुंद घरांपासून, म्हणजे दोन फ्रेटमधल्या जागांपासून सुरुवात केली. एका घराला तीन-तीन दिवस. पट्टी शिसवी होती. तिचा काळपट तांबडा भुगा त्याच्या बनियनवर, पापण्यांवर, चहाच्या कपात पडायचा. मी कॉलेजला जायच्या आधी तासभर गिटारची मान घट्ट धरून बसायचे. ते काम मी मागून घेतलं होतं. तेवढंच मला सुचलं.

“हे कशाला करतोस?” मी एकदा विचारलं. “चांगलं लाकूड आहे.”

“चांगलं आहे म्हणून तर,” तो म्हणाला. “लाकूड मधे येतं. मला नुसती तार हवी.” थोड्या वेळानं म्हणाला, “आणि हात रिकामे राहिले की डोकं चालतं. डोकं चालवायला घरात तुम्ही दोघं आहात.”

कानस झाली की पॉलिश पेपर. त्यासाठी त्यानं झाडूच्या दांड्याचा एक तुकडा कापला होता. तो हव्या त्या गोलाईला थोडा बारीक पडत होता. फिटर लोक अशा वेळी कागदाची घडी घालून जाडी भरून काढतात. त्यानं दांड्यावर एक गुलाबी कागद गुंडाळला आणि त्यावर पॉलिश पेपर चिकटवला. मी बघत होते. आमच्या घरात गुलाबी कागद म्हणजे हवेसारखा, कुठंही असायचा. मला काहीच वाटलं नाही.

पाचव्या घरातला, जागा ओळखायला बसवलेला पांढरा ठिपका पोकरताना निखळून पडला. तिथं त्यानं अॅल्युमिनियमचा गोल तुकडा बसवला, मोजून, इतका चपखल की नखाला कड लागत नाही. मग एका सकाळी तारा चढवून त्यानं गिटार माझ्या हातात दिली. मी तार दाबली. सूर वर चढला, बेसूर.

“दाबतेस,” काका म्हणाला.

“दाबल्याशिवाय वाजेल कशी?”

“वाजेल. ठेव नुसतं. तारेला वाटलं पाहिजे की तूच ठरवलंयस थांबायचं.”

तीन वर्षं तो मला शिकवत राहिला. मधल्या काळात त्याला बाजव्याला काम मिळालं होतं, रिफायनरीजवळच्या एका कंत्राटदाराकडे, देखभालीचं. पगार कमी, टूलरूम नाही. व्हर्नियर घरीच असायचा. संध्याकाळी तो आला की कपड्यांना तेलकट वास यायचा आणि आंघोळ करून तो म्हणायचा, “चल, संपादकबाई, आण बाजा.” दर वेळी मी ठरवायचे की आज सांगायचं. आज या धड्यानंतर. पण सांगायचं मनात आलं की बोटांत जोर यायचा, सूर चढायचा, आणि तो म्हणायचा, “दाबतेस.” मी म्हणायचे, “हो.” तिथंच राहायचं.

एकदा वाजवता वाजवता मी म्हटलं, “काका, तुला तिथली आठवण येते का? टूलरूमची?”

“मशीनची येते,” तो म्हणाला. “माणसं भेटतात की. परवाच शिकलेला एक पोरगा भेटला, त्याला आता पॉइंटमध्ये बोलता येतं.” आणि हसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी खुंटी पिळत बसले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बाजव्याला निघताना तो पायात बूट घालायला वाकला आणि उठला नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. एका बुटाची नाडी बांधलेली होती.

त्यानंतर ती गिटार भिंतीवर टांगलेली असताना वाजायला लागली. म्हणजे, खाली रस्त्यावरून ट्रक गेला की तारा गुणगुणायच्या. त्याचं कारण मला माहीत आहे, कुठलीही गिटार गुणगुणते. पण खोलीत कुणी नसताना सूर बरोबर लागायचा आणि मी हातात घेतली की बिघडायचा, हे मला सहन होईना. खोलगट घरांत धूळ साचायची. ती पुसायला मी बोट फिरवायचे, तर प्रत्येक घराची खोली वेगळी लागायची. वरची घरं खोल, खालची उथळ, आणि तिसऱ्या घरात कानस एकदाच घसरली होती तिथं बारीक ओरखडा. त्या सकाळी मी मान नीट धरली नव्हती. माणूस गेल्यावर त्याचे कपडे देतात, चपला देतात. ज्या जागेतून त्यानं लाकूड काढलं, ती जागा कुणाला द्यायची?

मी ठरवलं की घरं भरून घ्यायची. रावपुऱ्यात वाद्यं दुरुस्त करणारे एक भाई आहेत. शिसवी भुगा आणि डिंकासारखं रसायन मिसळून ते भरता येतं, वर घासलं की पट्टी पुन्हा सपाट. गिटार त्यांच्यासमोर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ घरांवरून अंगठा फिरवला.

“बेन, हे कुणी केलं?”

“माझ्या काकानं.”

“मशीननं?”

“हातानं.”

“आणि तुम्हाला हे भरायचंय?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेले होते. “कशानं घासलं त्यांनी? गोलाई बघायचीय. तेवढंच मला भरून वर आणावं लागेल.”

गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात तो दांडा अजून होता. मी काढून दिला. त्यांनी गोलाई मोजायला वरचा झिजलेला पॉलिश पेपर सोलून काढला, खालचा गुलाबी कागद उलगडला आणि माझ्यापुढे केला. “तुमचं काहीतरी आहे.”

ते पत्रक होतं. माझं. घड्यांवर शिसवी भुगा बसून तांबड्या रेषा पडल्या होत्या. मधोमध, जिथं सात पॉइंट चार छापलं होतं, तिथं आकड्यावर पेन्सिलीची एक सरळ रेघ होती. शेजारी, टूलरूमच्या ड्रॉइंगवर लिहितात तसं, इंग्रजी आकड्यांत, बारीक आणि स्वच्छ: 6.4.

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. भाईंनी पाणी दिलं.

सहा पॉइंट चार. त्या रविवारी तो हेच बोलला होता. मी एक मिलीमीटर चढवून ऐकलं होतं. ‘हा आकडा माझा नाही, साहेब.’ तो खोटं बोलला नव्हता. आपण खोटं बोलत नाही हे त्याला पटवायचं असतं तर त्यानं आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, की खरा आकडा हा नाही, माझा सहा पॉइंट चार आहे. म्हणजे फट मीच मोजली आणि घरी बोललो, हे सांगावं लागलं असतं. त्यानं खरं तेवढंच सांगितलं आणि तिथं थांबला. आणि मी त्याला जेवताना खोटारडा म्हटलं होतं.

ती रेघ त्यानं रागानं मारली की फिटरच्या सवयीनं, मला माहीत नाही. त्या कागदानं त्यानं दोन महिने लाकूड घासलं, आणि मी समोर मान धरून बसले होते. तो वाट बघत होता का? की विसरून गेला होता? हे मी रोज विचारते आणि उत्तर येत नाही. ज्याच्याकडे ते होतं तो एका बुटाची नाडी बांधून निघून गेला.

“भरायचं ना, बेन?” भाईंनी विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “तारा नव्या टाका. पातळ.”

पत्रक काढल्याचा मला पश्चात्ताप नाही. गार्ड खाली आला, त्याखाली हात घालणाऱ्यांची बोटं शाबूत आहेत. उद्या पुन्हा तशी फट कळली तर मी पुन्हा लिहीन. पण मी चौदा पायऱ्या चढले असते, तर काकानं पेन्सिल मागितली असती. आकडा दुरुस्त केला असता. कदाचित म्हणाला असता, पॉइंट काढून टाक, ‘बोटाचं टोक शिरतं’ एवढं पुरे. कदाचित म्हणाला असता, छाप, होऊ दे काय व्हायचं ते. काहीही म्हणाला असता तरी ते त्यानं ठरवलेलं असतं.

आता मी दुपारी गच्चीत बसून वाजवते. बोट नुसतं ठेवायचा प्रयत्न करते. दहातला एखादा सूर बरोबर लागतो. बाकीच्या वेळी आवाज येतो, आणि मी ‘हो’ म्हणते.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. पुढचं पत्रक, तक्रारअर्ज किंवा फोनवर चार लोकांना पाठवायचा मजकूर लिहाल, तेव्हा त्यातलं जे वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंय, ते आधी त्याला वाचून दाखवा. हातात पेन्सिल द्या. आणि तुमचं ते वाक्य कधीच छापून गेलं असेल, आणि तो माणूस अजून हाक मारण्याच्या अंतरावर असेल, तर हा कागद इथंच खाली ठेवा आणि उठा. जिना चढून जा. त्याला सांगा की ते मी लिहिलं होतं.